मेनोपॉज चेक करायची घरगुती किट घेताय? आधी हे वाचा

पाळी जायला लागली का ते घरच्या घरी कळतं म्हणून ज्या एफएसएच नावाच्या हॉर्मोनच्या युरिन टेस्ट किट मिळतात त्यातली एक घेऊन, वापरून झाली, त्याचा हा रिव्ह्यू. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण डबे वेगवेगळे असले तरी आतली पट्टी जवळपास सगळ्यांची एकाच पद्धतीने चालते, त्यामुळे एका कंपनीला धरून झोडपण्यात अर्थ नाही. रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी २. आणि ते दोनही पट्टीला दिलेत, आतल्या माहितीपत्रकाला शून्य.

आधी वस्तूबद्दल. प्रेग्नन्सी टेस्टसारखीच प्लास्टिकची कॅसेट, एक ड्रॉपर, सकाळची पहिली लघवी घ्यायची, थेंब टाकायचे, दिलेली मिनिटं थांबायचं आणि रेघा बघायच्या. पॅकिंग चांगलं आहे, सूचना चित्रांसकट आहेत, इथपर्यंत काही तक्रार नाही. घोळ सुरू होतो तो रेघा वाचताना. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेघ पुसट जरी आली तरी पॉझिटिव्ह धरतात ना, इथे तसं नाहीये!! एफएसएच हे हॉर्मोन वयात आलेल्या प्रत्येक बाईच्या अंगात थोडंफार असतंच, त्यामुळे दुसरी रेघ पुसट दिसणं नॉर्मल आहे, टेस्टची रेघ कंट्रोलच्या (म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा त्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. आता दोन गुलाबी रेघांमधली कुठली जास्त गुलाबी हे बाथरूमच्या उजेडात ठरवायचं, चष्मा लावून, तेही आधीच टेन्शनमध्ये असताना. मी खिडकीपाशी नेऊन बघितली, फोनवर फोटो काढून झूम केलं, तरी खात्री होईना. आणि आकडा काही येत नाही, फक्त लघवीतलं एफएसएच साधारण २५ (mIU/mL) च्या वर आहे की नाही एवढंच त्या रेघेतून कळतं.

हे एफएसएच काय प्रकरण आहे ते थोडक्यात, कारण पत्रकात धड सांगितलेलंच नाही. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती एफएसएच सोडून ओव्हरीला कामाला लावते. ओव्हरीतली बीजं कमी झाली की ती दाद देईनाशी होते, मग घरातलं कुणी ऐकत नसलं की आपला आवाज जसा चढत जातो तसं पिट्युटरी एफएसएच वाढवत जाते. म्हणजे किट मोजते तो वरचा आरडाओरडा, ओव्हरीची खरी अवस्था नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या औषधं आणि टेस्ट किटवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही, या किटबद्दल हेच सांगितलंय की एफएसएच वाढलंय की नाही हे १० पैकी ९ वेळा बरोबर सांगतात पण मेनोपॉज आहे की नाही हे सांगत नाहीत. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात मेनोपॉज टेस्ट.

शिवाय एफएसएच रोज एकसारखं नसतं. ज्यांची पाळी अजून चालू आहे त्यांच्यात अंडं फुटायच्या सुमाराला ते नैसर्गिकरीत्या चढतं, तेव्हा टेस्ट केली तर उगाच पॉझिटिव्ह. पाळी जायच्या आधीची जी मधली काही वर्षं असतात त्यात तर ते वर खाली होतच राहतं, म्हणून बऱ्याच किटमध्ये आठवडाभराने परत करा म्हणून लिहिलेलं असतं. माझं तेच झालं, एकदा रेघ पुसट आणि नंतर एकदा चांगली गडद. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर रिझल्टवर विश्वासच ठेवू नका. रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपलात आणि लघवी पातळ झाली तरी गडबड.

आता मुद्द्याचं. चाळिशीच्या आसपासची बाई ही किट घेते ती नुसतं पाळी चाललीये का हे बघायला घेत नाही, तिला विचारायचं असतं की माझीच एवढ्या लवकर का. माझाही तोच प्रश्न होता, चाळिशी नुकतीच ओलांडलीये, पाळी कधी येते कधी दोन दोन महिने गायब, रात्री घामाने उठायला होतं. आणि या प्रश्नाला पत्रकात उत्तर काय तर एक ओळ, "ताणतणाव, बदलती जीवनशैली व वाढते वय". संपलं. ही ओळ वाचून जे डोकं फिरलं त्यातून हा रिव्ह्यू एवढा लांबलाय.

ताणतणावाचंच घ्या. खूप ताण, अचानक वजन उतरणं, अति व्यायाम यांनी पाळी बंद पडू शकते हे खरंय, पण तेव्हा मेंदूकडून ओव्हरीला जाणारा निरोपच कमी होतो, म्हणजे एफएसएच कमी किंवा नॉर्मल असतं, बीजं शाबूत असतात आणि कारण दूर झालं की पाळी सहसा परत येते. तो मेनोपॉज नव्हे. म्हणजे गंमत बघा, कंपनी ज्या कारणाचं नाव पहिलं घेते त्या कारणाने पाळी थांबली असेल तर त्यांचीच किट निगेटिव्ह दाखवणार!! हे छापणाऱ्याने स्वतःची वस्तू काय मोजते ते तरी वाचायचं.

खरी कारणं मला कळली ती गायनॅककडे गेल्यावर, तिने जे प्रश्न विचारले त्यातून. किट तुम्हाला एकही प्रश्न विचारत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे असं माझं मत.

पहिला प्रश्न, आईची पाळी कितव्या वर्षी गेली, मावशीची, सख्ख्या बहिणीची? हे मला वाटलं गप्पांसारखं विचारतायत, पण नाही, पाळी कधी जाणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईची लवकर गेली असेल तर मुलीची लवकर जायची शक्यता वाढते. माझ्या आईची चाळिशीच्या सुरुवातीलाच गेली होती आणि हे मला त्यासाठी फोन करून विचारावं लागलं, आपल्याकडे हा विषय घरात कोणी काढतच नाही.

दुसरा, ओव्हरीवर किंवा गर्भपिशवीवर कधी ऑपरेशन झालंय का. दोन्ही ओव्हऱ्या काढल्या तर वय काहीही असो, मेनोपॉज त्याच दिवशी सुरू, हळूहळू वगैरे काही नाही, त्यामुळे त्रासही एकदम अंगावर येतो. नुसती पिशवी काढून ओव्हऱ्या ठेवल्या तर पाळी थांबते पण हॉर्मोन चालू राहतात, तो मेनोपॉज नाही, पण अशा बायकांमध्ये तो पुढे काहीसा लवकर येऊ शकतो, आणि पाळीच नसल्यामुळे आला ते कळतही नाही पटकन. आणि तिसरा प्रकार म्हणजे माझा, चॉकलेट सिस्ट. एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो तो आजार) ओव्हरीत होणारी ती गाठ सोलून काढताना तिच्यासोबत ओव्हरीचा चांगला भागही थोडाफार निघून येतो, त्यातली बीजं गेली ती गेली, आणि मुळात त्या आजाराने पण ओव्हरीला मार बसलेला असतोच. ऑपरेशनच्या वेळी हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ऑपरेशन गरजेचं होतं त्याबद्दल वाद नाही, पण सांगायला हवं होतं ना. डॉक्टर म्हणाल्या की आईकडून आलेलं किती आणि सिस्टमुळे किती हे वेगळं काढता येणार नाही, बहुतेक दोन्ही मिळून.

मग विचारलं कॅन्सरची ट्रीटमेंट झालीये का. किमोथेरपीतली काही औषधं, त्यातल्या त्यात सायक्लोफॉस्फामाइडसारखी, बीजांना सरळ मारतात, आणि ओटीपोटावर दिलेलं रेडिएशन पण. वय जितकं जास्त तितका धोका जास्त कारण शिल्लक बीजं आधीच कमी असतात. काहींची पाळी किमोनंतर परत सुरू होते, काहींची होत नाही, आणि परत आलेलीसुद्धा पुढे लवकर जाऊ शकते. म्हणून मूल हवं असेल तर ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच अंडी गोठवण्याबद्दल विचारायचं असतं, नंतर विचारलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

सिगारेट? ओढत नाही म्हटलं. घरात कोणी ओढतं का, हा पुढचा प्रश्न. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी इतरांपेक्षा साधारण १ ते २ वर्षं आधी जाते, धुरातली रसायनं बीजं मारतात, आणि दुसऱ्याच्या धुराचाही परिणाम होतो असं अभ्यासांत दिसलंय. आपल्या हातात असलेलं खरं कारण सगळ्या यादीत हे एवढं एकच आणि पत्रकात "जीवनशैली" या गुळमुळीत शब्दामागे ते लपवून ठेवलंय. सरळ लिहा ना सिगारेट.

वजन फार कमी आहे का, पहिली पाळी कधी आली हे पण विचारलं. वजन फारच कमी असणं, किंवा पाळी ११ वर्षांच्या आत येणं आणि मूल न होणं, यांचा लवकरच्या मेनोपॉजशी संबंध दिसलाय, पण हे धागे कच्चे आहेत, यावरून कोणी घाबरून जाऊ नये.

नंतर थायरॉइड, डायबिटीस, अंगावर पांढरे डाग, घरात कुणाला असलं काही? तेव्हा मला संबंधच लागेना. तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असे जे आजार असतात त्यात कधीकधी ओव्हरीही सापडते. हाशिमोटोचा थायरॉइड, टाइप १ डायबिटीस, आणि सगळ्यात महत्त्वाचा ॲडिसन्स, म्हणजे किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी बंद पडत जाणं. तो फार थोड्या जणींना असतो, पण लक्षात नाही आला तर जिवावर बेततं. खूप थकवा, वजन उतरणं, चक्कर, त्वचा काळवंडणं, सारखं खारट खावंसं वाटणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणून चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बाईची ॲड्रिनलच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी करतात, थायरॉइड पण बघतात. प्लास्टिकच्या पट्टीला यातलं घंटा काही कळत नाही.

आणि सगळ्यात विचित्र वाटलेला प्रश्न, तुमच्या घरात एखाद्या मुलाची वाढ मंद आहे का, ऑटिझम आहे का, आणि आजोबा किंवा मामांना म्हातारपणी हात कापणं, तोल जाणं असं काही होतं का. माझ्या पाळीचा आणि मामाच्या हाताचा काय संबंध?! तर आहे. एक्स क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एफएमआर १ नावाचा जीन असतो, त्यात एक तुकडा परत परत आलेला असतो. तो ५५ ते २०० वेळा आला असेल तर त्याला प्रीम्युटेशन म्हणतात, अशी बाई एरवी ठणठणीत दिसते पण अशा दर ५ जणींत साधारण एकीची ओव्हरी चाळिशीच्या आत थकते. तोच तुकडा पुढच्या पिढीत २०० च्या वर गेला तर मुलाला फ्रॅजाइल एक्स होतो, म्हणजे बौद्धिक वाढीवर परिणाम. आणि प्रीम्युटेशन असलेल्या पुरुषांना उतारवयात कंप आणि तोल जाण्याचा त्रास होऊ शकतो. एका बाईची पाळी लवकर का गेली हे शोधताना अख्ख्या घराण्याला उपयोगी पडेल अशी माहिती निघू शकते, बहिणीला मूल हवं असेल तर तिला तर नक्कीच.

अगदी तरुण मुलींमध्ये क्रोमोसोम बघतात, कॅरिओटाइप म्हणतात त्या टेस्टला. टर्नर सिंड्रोममध्ये दोन एक्सपैकी एक पूर्ण किंवा अर्धवट गायब असतो, साधारण २००० ते २५०० मुलींमागे एकीला असतो. बहुतेकींना पाळी आपणहून येतच नाही, पण काहींच्या थोड्याच पेशींमध्ये हा दोष असतो, त्यांना पाळी येते आणि लवकर थांबते. यांच्या हृदयाची पण तपासणी लागते, म्हणजे परत तेच, पाळी हे फक्त बाहेर दिसणारं टोक.

हे सगळं शोधूनही चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये कारण सापडत नाही. हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आणि खरं सांगू, पत्रकातल्या "ताणतणाव" पेक्षा हे ऐकून बरं वाटलं. कारण ताण म्हटलं की आलंच बाईच्या डोक्यावर, तूच जास्त विचार करतेस, तूच स्वतःकडे बघत नाहीस.

जाता जाता, गर्भनिरोधक गोळ्या खाल्ल्याने किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) केल्याने अंडी संपतात आणि पाळी लवकर जाते असं जे बायका एकमेकींना सांगतात त्यात तथ्य नाही. जन्माच्या वेळी मुलीच्या ओव्हरीत १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात फुटतात फक्त ४०० ते ५००. बाकीची आपोआप विरतात, तुम्ही काहीही करा. आयव्हीएफमध्ये त्या महिन्यात विरणारीच होती त्यातली काही वाढवतात, उद्याची उधार घेत नाहीत.

मग किट घ्यावी कुणी? मी विचार करून करून थकले. वय ४५ च्या वर आहे आणि पाळी अनियमित, अंगातून वाफा, तर ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१५ पासूनच्या गाइडलाइननुसार अशा बाईला एफएसएच करायचीच गरज नाही, लक्षणांवरून कळतं. बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५५ मध्ये जाते, त्यात लवकर असं काही नाही. वय ४० च्या आत असेल तर किटवर वेळ घालवूच नका, सरळ डॉक्टर गाठा, कारण चार महिने पाळी अनियमित किंवा बंद आणि रक्तातलं एफएसएच २५ च्या वर, असं बघून निदान करतात, आणि त्याआधी प्रेग्नन्सी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हॉर्मोन) हे सगळं तपासतात. हो, प्रेग्नन्सी पण!! राहिल्या माझ्यासारख्या ४० ते ४५ मधल्या, तर डॉक्टर रक्ताची तपासणी करणारच आहेत, माझी केलीच, त्यात एफएसएच चांगलंच वाढलेलं निघालं. मग रेघ कशाला हवी? एकच फायदा मला दिसतो, गडद रेघ बघून एखादी टाळाटाळ करणारी बाई उठून डॉक्टरकडे जाईल, मी गेले तशी. पण पुसट रेघ बघून घरी बसणाऱ्या किती असतील, पहिल्या रेघेवर मीही निवांत झालेच असते.

आणि घरी बसणं परवडत नाही. लवकर पाळी गेली की इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीतून येणारं हॉर्मोन, लवकर जातं, हाडं ठिसूळ व्हायला आणि हृदयाच्या आजारांना जास्त वर्षं मिळतात, म्हणून काही अडचण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत, जेव्हा पाळी एरवी गेली असती तोपर्यंत, हॉर्मोन घ्या असं सांगतात. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांचं वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच. हाडांची डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते बघायचा स्कॅन, पण करायला सांगतात. अजून एक, चाळिशीच्या आत ज्यांची ओव्हरी थकते त्यांच्यात ती मधूनच जागी होते, ५ ते १० टक्के जणींना दिवस पण राहतात, त्यामुळे पॉझिटिव्ह रेघ बघून गर्भनिरोधक बंद करू नका. हे वाक्य पत्रकात ठळक असायला हवं होतं, बारीक अक्षरातही नाहीये.

त्या ताणतणावाच्या ओळीच्या जागी कंपनीने पाच सहा प्रश्न छापले असते, आईची पाळी कधी गेली, ओव्हरीचं ऑपरेशन, किमो, सिगारेट, थायरॉइड, घरात कुणाला फ्रॅजाइल एक्स, आणि खाली लिहिलं असतं की एकाचंही उत्तर हो असेल किंवा वय ४० च्या आत असेल तर रेघ कशीही येवो डॉक्टरकडे जा, तर मी ४ स्टार दिले असते. सध्या २ च.